टोलनाक्यावरची हवा

रविवारची संध्याकाळ. महाबळेश्वर, सातारा, कोल्हापूर असे कुठून कुठून परतणारे सगळे एकाच वेळी खेड-शिवापूरच्या नाक्यावर येऊन ठेपलेले असतात. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये आपली गाडी. काच खाली केली की पेरू, काकडी, कणीस, पाण्याची बाटली, मोबाइलचा चार्जर असे काय काय खिडकीशी येते. आपले लक्ष मात्र समोरच्या रांगेकडे असते. शेजारची रांग भराभर सरकते आहे आणि आपलीच अडली आहे, हा भास प्रत्येकाला होतोच. मग टोलचे दर, रस्त्यावरचे खड्डे आणि सरकार यांचा एकत्रित उद्धार होतो. पुण्याहून कोल्हापूरला जायचे तर खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके. प्रत्येक ठिकाणी किती रुपये कापले गेले, हे आपल्याला मोबाइलवरच्या संदेशातून कळते.

टोलची आणखी एक वसुली मात्र कुठल्याच संदेशात येत नाही. ती फुप्फुसांतून होते. ती आपल्यासारख्या पाच-दहा मिनिटांच्या पाहुण्यांकडून थोडी होते आणि नाक्यावर आठ तास बसणाऱ्या, उभ्या राहणाऱ्या किंवा नाक्याच्या आसपास राहणाऱ्या माणसांकडून बरीच. ही वसुली मोजण्याचा एक सुरेख प्रयत्न अमेरिकेत झाला आहे, तिथूनच सुरुवात करू.

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत १९९३ पासून ‘ई-झेडपास’ ही यंत्रणा येऊ लागली. आपल्या फास्टॅगची ही थोरली बहीण म्हणता येईल. काचेला लावलेल्या छोट्या यंत्रातून टोल कापला जायचा आणि सुट्ट्या पैशांसाठी गाडी थांबवावी लागायची नाही. एकेका नाक्यावर ही यंत्रणा वेगवेगळ्या वर्षी आली. जॅनेट करी आणि रीड वॉकर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी यातच एक आयता प्रयोग हेरला. त्यांनी न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांतल्या जन्मनोंदी घेतल्या. नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आया एका गटात, आणि त्याच मोठ्या रस्त्यांच्या कडेला पण नाक्यापासून दोन ते दहा किलोमीटरवर राहणाऱ्या आया दुसऱ्या गटात. दोन्ही गटांच्या दारावरून वाहने तेवढीच जात होती. फरक एवढाच, की पहिल्या गटाच्या दारात ती थांबत होती.

ई-झेडपास आल्यावर नाक्याजवळच्या आयांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या, म्हणजे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच्या प्रसूतींचे प्रमाण दूरच्या गटाच्या तुलनेत १०.८ टक्क्यांनी घटले. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण ११.८ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नाक्याजवळची हवा सुधारल्यामुळे सुखवस्तू लोक तिथे राहायला आले आणि म्हणून आकडे सुधारले असतील का, ही शंकाही त्यांनी तपासली. एवढ्या अवधीत तसा काही बदल झालेला नव्हता. घरांच्या किमतीही हलल्या नव्हत्या.

या निष्कर्षातली गंमत बघा. कुणी झाडे लावली नाहीत, कुणी इंधन बदलले नाही, वाहनांची संख्या कमी झाली नाही. औषध नाही, आहार नाही, गरोदर स्त्रियांसाठी योजना नाही. फक्त गाड्यांचे थांबणे कमी झाले, तेही टोल भरणाऱ्यांच्या सोयीसाठी. आणि त्याचा लाभ अशा बाळांना झाला ज्यांच्या आयांनी कदाचित त्या नाक्यावर कधी टोल भरलाही नसेल.

हेच आकडे जसेच्या तसे उचलून खेड-शिवापूरला किंवा खालापूरला चिकटवणे मात्र बरोबर नाही. तिथल्या गाड्या वेगळ्या, इंधन वेगळे, मूळची हवा वेगळी आणि आयांची प्रकृतीही वेगळी. पण थांबणे आणि पुन्हा निघणे यामागचे भौतिकशास्त्र न्यू जर्सीत आणि शिरवळमध्ये एकच आहे.

ते थोडे आकडेमोड करून पाहू. भरलेला ट्रक समजा तीस टनांचा आहे आणि ताशी ६० किलोमीटरने येतो आहे. त्याच्या वेगात साठलेली ऊर्जा चाळीस लाख ज्यूलच्या थोडी वर जाते. नाक्यावर थांबताना ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते आणि जाता जाता ब्रेकच्या अस्तराची व टायरची बारीक धूळ हवेत सोडते. नाका ओलांडल्यावर तोच वेग पुन्हा कमवायचा तर तेवढीच ऊर्जा डिझेलमधून काढावी लागते. डिझेल इंजिन इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण ३५ ते ४० टक्केच कामाला लावते. हिशेब केला तर एका थांब्याची किंमत सुमारे ३०० मिलिलिटर डिझेल निघते, म्हणजे मोठा पाणी प्यायचा पेला भरून. आपल्या बाराशे किलोच्या मोटारीला ताशी ८० किलोमीटरचा वेग पुन्हा गाठायला ३५-४० मिलिलिटर पेट्रोल लागते. दोन-अडीच मोठे चमचे. वाटेत वीस नाके लागणाऱ्या ट्रकचे सहा लिटर डिझेल फक्त थांबून निघण्यात जाते, रांगेत चालू ठेवलेल्या इंजिनाचे वेगळेच. आणि हे डिझेल रस्त्यावर विखरून जळत नाही. ते नाक्यानंतरच्या दोन-तीनशे मीटरांत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनावर पूर्ण ताण असताना जळते. ट्रक उठताना सोडतो तो काळा भपकारा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. इंधन जास्त आणि हवा कमी पडली, की पूर्ण न जळलेला कार्बन असा बाहेर येतो.

त्या धुरात काय काय असते? डिझेलच्या धुरात काजळीचे अतिसूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे. पेट्रोलच्या धुरात, विशेषतः इंजिन नुसते घुरघुरत असताना, कार्बन मोनॉक्साइड अधिक. काजळीचे कण इतके बारीक, की नाकातले केस आणि घशातला चिकटा त्यांना अडवू शकत नाही. ते फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात आणि त्यातले काही थेट रक्तात उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे.

कार्बन मोनॉक्साइडची तऱ्हा निराळी. त्याला वास नाही, रंग नाही, खोकला नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. एकदा बसला की लवकर उठत नाही. शुद्ध हवेत येऊनही रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. त्यामुळे नाक्यावरून पाच मिनिटांत निघून जाणाऱ्याला त्याचा फारसा त्रास नसतो, पण पाळीभर बसणाऱ्याच्या रक्तात तो हळूहळू साठत जातो. गर्भाच्या रक्तातले हिमोग्लोबिन त्याला आईच्यापेक्षाही घट्ट धरून ठेवते आणि उशिरा सोडते. न्यू जर्सीतल्या बाळांचे वजन का वाढले, याचे एक संभाव्य उत्तर इथे आहे.

पाळीभर बसणाऱ्यांविषयीचा सर्वांत बोलका पुरावा न्यूयॉर्कचा आहे आणि तो जुना आहे. त्या शहरात नदीखालून जाणारे बोगदे आणि नदीवरचे पूल, दोन्हींवर टोल. तिथे १९५२ ते १९८१ या काळात नोकरी केलेल्या ५,५२९ कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काम साधारण सारखेच, टोल घेणे आणि वाहतूक हलती ठेवणे. काही जण पुलावर, मोकळ्या वाऱ्यात. काही बोगद्यात, जिथे धूर कोंडतो. बोगद्यातल्या कर्मचाऱ्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने शहराच्या सरासरीवरून ४५ मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात ६१ झाले. म्हणजे ३५ टक्के जास्त. पुलावरच्यांत ही वाढ दिसली नाही. याच अभ्यासातली दुसरी नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते. बोगद्यातली नोकरी सोडली की हा वाढीव धोका उतरू लागायचा आणि पाचेक वर्षांत त्यातला बराचसा निघून जायचा. हवा बदलली की हृदय सावरते.

तैवानमध्ये २००५ साली महामार्गावरच्या टोल घेणाऱ्या स्त्रियांचा असाच अभ्यास झाला. त्यांच्या लघवीत पेशींमधल्या डीएनएला झालेल्या इजेची खूण मोजली गेली. धूम्रपान न करणाऱ्या टोल कर्मचारी स्त्रियांत ती खूण, तशाच धूम्रपान न करणाऱ्या कार्यालयीन स्त्रियांपेक्षा ठळकपणे जास्त होती. म्हणजे विडी-सिगारेट न ओढता धुराची इजा मिळत होती.

आपल्याकडच्या नाक्यांवर आता मुलीही मोठ्या संख्येने काम करताना दिसतात. तोंडाला ओढणी बांधलेली असते. ओढणीने ऊन आणि धुळीचे मोठे कण अडतात, काजळीचे सूक्ष्म कण नाही. नीट बसणारा एन-९५ मास्क कण अडवतो, पण कार्बन मोनॉक्साइड हा वायू असल्याने तो त्यातून आरपार जातो. खिडकीच्या आतली हवा चांगली ठेवायचा खरा उपाय बांधकामातला आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी त्या काचेवरच्या चिकटपट्टीकडे पाहू, कारण न्यू जर्सीत जे घडले ते घडवण्याची शक्ती तिच्यात आहे.

फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. कागदाच्या दोन थरांमध्ये तांदळाच्या दाण्याहून लहान चिप आणि तिला जोडलेली धातूची पातळ अँटेना, एवढाच सगळा संसार. नाक्यावर डोक्यावरच्या खांबावर बसवलेला वाचक ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या रेडिओलहरी सोडत असतो. गाडी जवळ आली की अँटेना त्या लहरींतून किंचित ऊर्जा शोषते. चिप जागी व्हायला वॅटचा लाखावा-दोन लाखावा भाग पुरतो. जागी झाली की ती स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. ती अँटेनाचा गुणधर्म भराभर बदलते, त्यामुळे आलेली लहर कधी जास्त परावर्तित होते तर कधी कमी. लहानपणी आरशाचा कवडसा शेजारच्या भिंतीवर पाडून इशारे केले असतील, तर तेच. सूर्य आरशाचा नसतो, हलवणे मात्र आपले. वाचक हा लुकलुकता कवडसा वाचतो आणि त्यातून टॅगचा क्रमांक मिळतो.

परावर्तित लहरींतून संदेश पाठवण्याची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्येच मांडली होती. ती व्यवहारात आणण्याच्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत झाला, आणि तो कशासाठी, तर गाई ओळखण्यासाठी! कळपातली कुठली गाय कुठली आणि तिला ताप आहे का, हे लांबून कळावे म्हणून. तिथल्याच काही शास्त्रज्ञांनी पुढे कंपनी काढली आणि गाईंवरचे हे तंत्र गाड्यांवर आले. १९८९ पासून डॅलसच्या टोलरस्त्यावर ते वापरात होते. रांगेत उभे असताना आपली अवस्था दावणीला बांधल्यासारखी का वाटते, याचे ऐतिहासिक कारण हे असावे.

या पट्टीतून किरणोत्सर्ग होतो का, गरोदर बाईने पुढच्या सीटवर बसावे का, असा प्रश्न बऱ्याच वाचकांच्या मनात असतो. बॅटरीच नसल्यामुळे टॅग एरवी मूक असतो. नाक्यावरच्या वाचकाची प्रक्षेपणशक्ती आपल्या नियमांनुसार जास्तीत जास्त चार वॅट आणि तो काही मीटर वर असतो. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते. शिवाय आपण त्याखालून काही सेकंदांत जातो. कानाला लावलेला मोबाइल यापेक्षा जास्त ऊर्जा डोक्यात सोडतो. या लहरी अणूंची मोडतोड करणाऱ्या क्ष-किरणांच्या जातीच्या नव्हेत. नाक्यावर काळजी करायची असेल, तर काचेवरच्या पट्टीची करू नये, काचेबाहेरच्या धुराची करावी.

दुसरी एक अफवा २०२२ मध्ये गाजली होती. काच पुसणारा मुलगा मनगटावरचे घड्याळ टॅगसमोर धरतो आणि पैसे पळवतो, असा व्हिडिओ घरोघरी फिरला. तो खोटा होता. टॅगमध्ये पैसे नसतात, फक्त क्रमांक असतो. तो वाचायला वेगळ्या पट्ट्यातला, बऱ्यापैकी मोठा वाचक लागतो; मनगटी घड्याळात तो नसतो. आणि क्रमांक मिळाला तरी पैसे फक्त नोंदणी झालेल्या नाक्याच्या किंवा पार्किंगच्या खात्यातच जाऊ शकतात, कुणा व्यक्तीच्या नाही. त्या व्हिडिओनंतर काच पुसणाऱ्या पोरांवर लोक ओरडू लागले, हे त्यातले वाईट.

टॅग न वाचला जाण्याची कारणे बहुधा साधी असतात. काही मोटारींच्या समोरच्या काचेला उष्णता परतवणारा धातूचा अदृश्य थर असतो. रेडिओलहरींना तो भिंतीसारखा. अशा काचेवर आरशाच्या मागे एक खिडकी बिनथराची सोडलेली असते आणि टॅग तिथेच लावावा लागतो. गाडीच्या पुस्तिकेत ती जागा दाखवलेली असते, पण पुस्तिका वाचतो कोण! दुसरे कारण म्हणजे टॅग काचेला न चिकटवता हातात धरून दाखवणे. हात आणि शरीर पाण्याने भरलेले. पाणी या लहरी शोषून घेते. वर तो शेजारच्या रांगेतल्या वाचकालाही दिसू शकतो आणि घोळ होतो. जुलै २०२५ पासून असे ‘सुटे’ टॅग काळ्या यादीत टाकण्याचे आदेश राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने दिले, ते याचसाठी.

फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रातल्या राज्य सरकारच्या नाक्यांवरही. केंद्राच्या आकडेवारीनुसार नाक्यावरची सरासरी प्रतीक्षा सुमारे १२ मिनिटांवरून ४७ सेकंदांवर आली. ही सुधारणा खरी आहे आणि मोठी आहे. न्यू जर्सीतही ई-झेडपासमुळे नाक्यांवरचा खोळंबा ८५ टक्क्यांनी कमी झाला होता. बाळांच्या वजनात जो फरक दिसला तो त्यातूनच.

तरीही सरासरी हा आकडा फसवा. मंगळवारच्या दुपारचे पाच सेकंद आणि दिवाळीच्या रविवारचा अर्धा तास त्यात एकत्र कालवलेले असतात. धूर साचतो तो रविवारी. दुसरे म्हणजे आपल्या नाक्यांवर फास्टॅग असूनही गाडी थांबतेच, कारण आडवा दांडा. वर केलेल्या हिशेबात रांगेतल्या मिनिटांचा समावेशच नव्हता, तो नुसत्या थांबून निघण्याचा होता. बारा मिनिटे थांबा की पाच सेकंद, ते ३०० मिलिलिटर डिझेल जायचे ते जातेच.

मग हा दांडा हवाच कशाला? टॅग वाचायला सेकंदाचा काही शतांश भाग लागतो. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्यात फार तर मीटर-दीड मीटर पुढे जाते, म्हणजे तंत्राला गाडी उभी राहण्याची गरज नाही. पैसे कापले जाईपर्यंत थांबावे लागते, असेही नाही. नाक्यावरच्या संगणकात काळ्या यादीची प्रत असते. टॅग त्या यादीत नसला की दांडा उचलला जातो आणि बँकांमधला व्यवहार मागाहून होतो. म्हणून तर संदेश कधी कधी पुढच्या चहाच्या टपरीवर येतो. दांडा आहे तो ज्यांचा टॅग नाही, किंवा टॅगमध्ये पैसे नाहीत, त्यांच्यासाठी. एकाच्या रिकाम्या टॅगपायी त्याच्या मागच्या चाळीस जणांनी इंजिने चालू ठेवून उभे राहायचे, हा खरा मामला आहे.

नियमही त्याच दिशेने घट्ट होत गेले. टॅग चालत नसेल तर दुप्पट टोल, हा पूर्वीचा दंड. १५ नोव्हेंबर २०२५ पासून रोख दिले तर दुप्पट आणि यूपीआयने दिले तर सव्वापट, असा फरक केला गेला. नियमित प्रवास करणाऱ्या खासगी मोटारींसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक पासही निघाला. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नाही. २०२१ मध्ये तर असाही नियम आला होता, की रांग १०० मीटरच्या पिवळ्या रेषेच्या मागे गेली तर ती रेषेच्या आत येईपर्यंत गाड्या टोल न घेता सोडायच्या. २०२४ मध्ये ही सवलत मागे घेण्यात आली. पैशांच्या दृष्टीने त्याची कारणे असतील. पण आरोग्याच्या दृष्टीने पाहिले, तर रांगेच्या लांबीवर मर्यादा घालणारा तो एकमेव नियम होता आणि तो गेला, याची हळहळ वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, तेव्हा चर्चा सगळी रुपयांची झाली. मुलुंड, ऐरोली, दहिसर, वाशी इथल्या नाक्यांलगत दाट वस्ती आहे. तिथल्या हवेचे काय झाले, हा विषय बातम्यांत फारसा दिसला नाही.

शेवटचे उत्तर म्हणजे दांडाच नको. रस्त्यावर कमान, तिच्यावर टॅग वाचणारे वाचक आणि नंबरपाटी टिपणारे कॅमेरे. गाडी वेगात जाते, टोल कापला जातो, नसेल तर घरी नोटीस येते. तैवानने ३० डिसेंबर २०१३ रोजी आपल्या महामार्गांवरचे सगळे टोलनाके एका रात्रीत बंद करून ही पद्धत आणली. आपल्याकडे गुजरातमधल्या चोर्यासी नाक्यासाठी असा पहिला करार ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. त्यासाठी नंबरपाट्या स्वच्छ, सारख्या आणि खऱ्या असाव्या लागतात. ‘दादा’ असे वाचता येणारे आकडे वेलबुट्टीत काढलेल्या पाट्या ज्या राज्यात फिरतात, तिथल्या कॅमेऱ्यांची कीव करावी तेवढी थोडी.

टोलने हवा बिघडते तशी सुधारतेही, याचे उदाहरण स्टॉकहोमचे. तिथे २००६ मध्ये शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर गर्दीच्या वेळी कर लावून पाहिला आणि पुढच्या वर्षी तो कायम केला. गाड्या न थांबवता, कॅमेऱ्यांनी. प्रदूषण पाच ते पंधरा टक्क्यांनी उतरले आणि लहान मुलांमधले दम्याचे तीव्र झटके लक्षणीयरीत्या कमी झाले. हा अभ्यास करणाऱ्यांत न्यू जर्सीचे करी आणि वॉकर पुन्हा होते. त्यांना एक गोष्ट आढळली: हवा लगेच सुधारली, मुलांची छाती मात्र हळूहळू, काही वर्षे घेत सुधारत गेली.

आपण रांगेत सापडलो तर काय करायचे, ते थोडक्यात सांगतो. काचा बंद ठेवाव्यात आणि एसीचे बाहेरची हवा घेणारे बटण बदलून आतलीच हवा फिरवणारे लावावे. नाका ओलांडून मोकळ्या रस्त्याला लागल्यावर ते न विसरता पूर्ववत करावे, नाहीतर चार माणसांच्या श्वासाने गाडीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि चालकाला पेंग येते. पुढच्या ट्रकच्या धुराड्याला नाक लावून उभे राहू नये, गाडीभर अंतर ठेवावे. रांग मिनिटभर हलणार नसेल तर इंजिन बंद करावे. नव्या गाड्यांना पुन्हा सुरू करताना जास्त पेट्रोल लागते, ही जुनी समजूत आहे. टॅगमधली शिल्लक घरून निघतानाच पाहावी. दमेकरी, गरोदर स्त्री किंवा तान्हे बाळ सोबत असेल तर रविवारच्या संध्याकाळऐवजी सोमवारी पहाटे निघणे परवडते का, एवढा विचार करून बघावा. दुचाकीस्वारांना महामार्गावर टोल नसतो, पण त्यांच्याभोवती काचही नसते. त्यांनी कडेच्या मार्गिकेतून लवकर बाहेर पडावे.

तैवानच्या गोष्टीचा एक भाग सांगायचा राहिला. नाके एका रात्रीत गेले तेव्हा तिथे टोल घेणारे शेकडो कर्मचारी बेकार झाले. ज्यांच्या लघवीत धुराची खूण सापडली होती त्या स्त्रियांच्याच व्यवसायातले हे लोक पुढे कित्येक महिने रस्त्यावर निदर्शने करत राहिले. धूर गेला तशी नोकरीही गेली. आपल्याकडे कमानी येतील तेव्हा ओढणी बांधलेल्या मुली, पेरूवाले आणि काच पुसणारी पोरे हीच पहिली बाजूला होणार आहेत. त्यांच्याशी याविषयी कुणी बोलल्याचे दिसत नाही.

कमानी सगळीकडे यायला अजून वर्षे जातील. तोवर नाक्यावरच्या खोलीचे बांधकाम बदलता येते, आणि ते फार अवघड नाही. खोलीत पंखा लावून उपयोग नसतो; तो रांगेतलाच धूर आत ओढतो. हवा छताच्या बऱ्याच वरून, वाऱ्याच्या बाजूने, गाळणीतून घ्यायची आणि नळाने खोलीत सोडायची. ती सतत थोड्या दाबाने येत राहिली, तर खिडकी उघडल्यावर आतली हवा बाहेर जाते, बाहेरचा धूर आत येत नाही. ट्रकच्या रांगेतली पाळी रोज त्याच माणसाला न देता फिरती ठेवायची. कार्बन मोनॉक्साइड मोजणारे छोटे यंत्र आत टांगायचे. दुपारच्या सुट्टीत डबा खायला जागा नाक्यापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला द्यायची. आणि कर्मचाऱ्यांपैकी कुणी गरोदर असेल, तर तिला पहिल्या महिन्यापासूनच खिडकीवरून उठवून आतल्या कार्यालयात, पगार न कापता, काम द्यायचे.